तासाला सहाशे चाळीस कुप्या

दि. ४ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला हे तू म्हणायच्या आधी मीच म्हणून टाकतो, म्हणजे तुझा पहिला परिच्छेद वाचेल. मी बरा आहे. खोलीही बरी आहे. खिडकी उघडली की दार आपटून बंद होतं आणि दार उघडलं की खिडकी, त्यामुळे एका वेळी एकच मिळतं, वारा किंवा वाट. घरमालकीणबाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं की या घरात आवाज चढवायचा नाही. मी तोवर नमस्कारसुद्धा केला नव्हता. ताई, माझ्या तोंडावर लिहिलंय का गं काही?

आता काम. कारखाना इंजेक्शनच्या औषधांचा. आम्ही वरच्या मजल्यावर, बारा टेबलं, बारा माणसं. प्रत्येकापुढे दिवा आणि त्यामागे पाटी, अर्धी काळी, अर्धी पांढरी. भरलेली काचेची कुपी उचलायची, हलकेच फिरवायची, आधी काळ्यापुढे धरायची, मग पांढऱ्यापुढे. आत धागा, काचेचा कण, काही तरंगताना दिसलं की लाल ट्रेमध्ये. स्वच्छ असली की हिरव्या. तासाला माणूस साधारण चारशे कुप्या बघतो. मी तीनशे ऐंशी बघतो. अडीच वर्षं रसायनशास्त्र शिकून सोडलं त्याचा फायदा एवढाच, की कुपीवरचं नाव मला न अडखळता वाचता येतं. हे वाक्य बाबांना वाचून दाखवू नकोस.

इथे सगळे एकमेकांना टेबलाच्या नंबराने हाक मारतात. मी पाच. आणि माझ्या डाव्या हाताला चार नंबर. झालं, तू आता डोळे बारीक करून हसायला लागलीस, मला इथून दिसतंय. पण ऐक तरी. पहिल्या दिवशी मी तीन कुप्या फोडल्या. तिने माझ्याकडे न बघता फडकं सरकवलं आणि म्हणाली की घाबरू नका, कारखान्यात अजून आहेत. एवढंच. माझे कान दुपारपर्यंत तापलेले होते. तुला वाटेल हे मागच्या दोन वेळांसारखंच आहे. नाही. मागच्या दोन्ही वेळा मी मूर्ख होतो.

नवी बातमी अशी, की पुढच्या आठवड्यापासून आम्हाला कपाळाला लावायची पट्टी मिळणार आहे. पट्टीत दोन ओले स्पंज, त्यांतून अगदी बारीक वीज डोक्यात जाते आणि लक्ष वाढतं म्हणे. मोजणीसाहेबांनी (घड्याळ घेऊन आमचं काम मोजणारे) सांगितलं की सक्ती नाही, ज्याला हवी त्याने लावावी. मी हात पहिला वर केला. चार नंबरने नाही केला.

तू रागावली असशील तर थोडा राग शिल्लक ठेव, पुढच्या पत्रालाही लागेल.

तुझा,
तडतड्या

*

दि. १२ फेब्रुवारी

चि. तडतड्यास,
अनेक आशीर्वाद, आणि डोक्यात वीज भरून घ्यायच्या आधी विचारलं असतंस तर आणखी दोन-चार जास्त दिले असते.

तुझं पत्र मी जेवताना मोठ्याने वाचलं. ते वाक्य गाळलं, पण मी थांबले तिथेच बाबांच्या लक्षात आलं. तू कॉलेज सोडून आलास त्या दिवसापासून ते तुझ्याबद्दल काही बोलत नाहीत, पण पत्र आलं की चष्मा शोधायला लागतात. चष्मा डोळ्यांवरच असतो.

वॉर्डात सध्या गर्दी. दिवसाला मी तुझ्या असल्या साठ-सत्तर कुप्यांच्या माना मोडते. इतकी वर्षं कधी मनात आलं नाही की ही कुपी माझ्याआधी कोणीतरी दिव्यापुढे धरली असेल. आता रोज येतं. आणि तो कोणीतरी शेजारच्या टेबलाकडे बघत असेल, हेही येतं. म्हणून मी आता दुसऱ्यांदा बघून घेते.

पट्टीबद्दल आमच्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले की काहींना उपयोग होतो, काहींना नुसती खाज सुटते. पट्टीच्या खोक्यातला कागद नीट वाच. तू कुठलाच कागद वाचत नाहीस, कॉलेज सोडायचा अर्जसुद्धा न वाचता सही केला होतास. स्वतःच लिहिलेला.

चार नंबरला माझा नमस्कार सांगू नकोस. अजून सांगण्यासारखं काही झालेलं नाही, हे माझ्या लक्षात आहे, तुझ्याही राहू दे.

लोभ तर जन्मापासून आहे, काय करणार.

तुझी,
ताई

*

दि. ३ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

सहाशे चाळीस! ताई, तासाला सहाशे चाळीस कुप्या! आमच्या हॉलमध्ये हा आकडा आजवर कोणी बघितलेला नाही. साहेबांनी तो फळ्यावर खडूने लिहिला, खाली माझा नंबर. मी तिथून उगाच चार वेळा पाणी प्यायला गेलो.

पट्टी लावली की कसं होतं सांगतो. आधी कपाळाला मुंग्या येतात. मग हॉलमधला आवाज कुणीतरी झाकण लावल्यासारखा बंद होतो. आणि मग फक्त कुपी. ती मोठी होत जाते, आतला धागा दोरखंडाएवढा दिसतो. माझं डोकं माहिती आहे ना तुला, एका वेळी सात गोष्टींवर भांडत असतं. ते आयुष्यात पहिल्यांदा गप्प बसलं. दोन नंबरचे काका म्हणतात की त्यांचे डोळे दुपारनंतर मिटायचे ते आता मिटत नाहीत, त्यांना तर वरदानच वाटतंय. ते लावतात आणि जेमतेम साडेचारशे करतात, हसत. मी दोन मिनिटांत काढायची पट्टी पाळीभर लावून बसतो. म्हणजे दोन नव्हे, वीस मिनिटांत काढायची असते. बघ, आकडे फक्त कुप्यांचे लक्षात राहतात.

एक गंमत आहे. पट्टी काढली तरी नजर काही तास तशीच राहते. पाण्याच्या पेल्यात कण दिसतात, घरमालकीणबाईंच्या चष्म्यावरचे डाग दिसतात. मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत चार नंबर आपणहून माझ्यासमोर येऊन बसली. आपणहून, ताई! बराच वेळ बोलत होती. तिच्या कॉलरवर एक पांढरा धागा होता, बोटाच्या पेराएवढा, एका टोकाला वळलेला. मला दुसरं काही दिसेचना. काळ्यापुढे धरावी की पांढऱ्यापुढे असं डोक्यात चाललं होतं. मी हो हो, बरोबर आहे, असं म्हणत राहिलो. ती उठताना म्हणाली की बरं वाटलं बोलून. मला केवढा आनंद झाला!

मग शुक्रवारी साहेबांनी जाहीर केलं की पाच नंबरने दाखवून दिलंय, तर आता सगळ्यांसाठी तासाला सहाशे. पट्टीची सक्ती नाही, सहाशेची आहे. महिन्याभराने, तीन एप्रिलला, साहेब घड्याळ घेऊन एक अख्खी पाळी माझ्याशेजारी बसणार. पडताळणी म्हणतात तिला. तेव्हा येईल तो आकडा वर्षभरासाठी पक्का. त्यानंतर ज्याला तो झेपणार नाही त्याला पंधरा दिवस बघतील आणि मग निरोप. मला गटप्रमुख करायचं चाललंय असं काका म्हणाले.

फक्त चार नंबरला काय झालंय कळत नाही. शुक्रवारपासून ती माझ्याशी एक शब्द बोललेली नाही. बायका आकड्यावर जळतात का गं?

मी जिंकत असताना थोडं कौतुक कर, हरल्यावरचं नेहमीचं आहेच.

तुझा,
तडतड्या

*

दि. ९ मार्च

चि. तडतड्यास,
आशीर्वाद आहेत, पण आज हात आखडता घेतेय.

आकड्यावर जळण्याबद्दल जे लिहिलंस ते मी वाचलं नाही असं समजते.

तुझं पत्र दोनदा वाचलं. मंगळवारी ती बराच वेळ बोलली असं लिहिलंस. धाग्याची लांबी लिहिलीस, कुठल्या टोकाला वळलाय ते लिहिलंस. ती काय बोलली ते एका अक्षराने लिहिलं नाहीस. तू विसरलास की तुला ठाऊकच नाही? तिच्याकडे जा आणि विचार. खोटं सांगू नकोस, की आवाज जास्त होता वगैरे. मी ऐकलं नाही, असं म्हण. हे वाक्य तुला जड जाईल, म्हणून सरावासाठी आरशापुढे म्हणून बघ.

उत्तर आल्याशिवाय मला झोप लागायची नाही, म्हणजे लोभ किती ते बघ.

तुझी,
ताई

*

दि. १५ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

विचारलं. जिन्यात गाठलं आणि तू सांगितलंस तसंच म्हटलं. ती दोन पायऱ्या पुन्हा वर चढून आली. मग म्हणाली की म्हणजे तुम्हाला ठाऊक नव्हतं? मला वाटलं, ठाऊक असून केलंत.

ताई, तिला लहानपणी फिट्स यायच्या. गेल्या नऊ वर्षांत एकही नाही. पण डोक्यात वीज सोडायची पट्टी तिला चालणार नाही, खोक्यातल्या कागदावरच तसं छापलंय. (मी आज वाचला.) आणि नोकरीच्या अर्जात तिने कुठलाही आजार नाही असं लिहिलेलं आहे, नाहीतर दिव्यासमोरच्या कामाला घेतलंच नसतं. हे तिने अख्ख्या कारखान्यात फक्त मला सांगितलं होतं. मंगळवारी. आणि म्हणाली होती की पट्टीवाल्यांचा वेग वाढला तर माझी जागा जाईल, तुम्ही तरी जरा जपून. त्यावर मी म्हणालो होतो, हो हो, बरोबर आहे. आणि शुक्रवारी फळ्यावर सहाशे!

पट्टीशिवाय तिचे तीनशे नव्वद. घरी तिच्यावर अवलंबून असलेली आजारी मावशी. दुसरीकडे नोकरी मागायला गेली तर पुन्हा तोच अर्ज.

मी ठरवलंय. सोमवारी साहेबांच्या टेबलावर पट्टी आपटणार आणि सगळ्यांसमोर विचारणार की फिट्स येणाऱ्या माणसाने सहाशे कसे करायचे ते सांगा. बघतोच काय उत्तर देतात ते. आणि मग राजीनामा. या वेळी वाचून सही करीन. माझ्यामुळे तिची जागा जाणार असेल तर मला तिथे एक दिवस बसायचं नाही.

तुझ्या लोभाला पात्र नसलेला,
तडतड्या

*

दि. १७ मार्च

तडतड्या,

मायना-बियना नंतर. हे पत्र आपल्या ओळखीच्या बसचालकाच्या हाती पाठवतेय, तुला रविवारी मिळेल. सोमवारी तोंड उघडू नकोस. तू तिच्या बाजूने ओरडलास की त्याच मिनिटाला तिचा आजार सगळ्या हॉलला कळेल आणि अर्जातली थाप उघडी पडेल. पंधरा दिवसही मिळायचे नाहीत, संध्याकाळीच निरोप. तिने ते तुला सांगितलं, साहेबांना नाही. ते गुपित फोडायचा हक्क तुझा नाही.

तुझं पत्र मी बाबांना पूर्ण वाचून दाखवलं. काही गाळलं नाही. ते उठून आतल्या खोलीत गेले. मला वाटलं नेहमीसारखंच. अर्ध्या तासाने सोबतचा कागद घेऊन बाहेर आले आणि पाकीट मागितलं.

लोभ, आशीर्वाद, सगळं आहे. आधी गप्प बस.

ताई

*

दि. १७ मार्च

चिरंजीवास,
आशीर्वाद. तो मी थांबवलेला नव्हता, फक्त लिहिला नव्हता.

तू राजीनामा देणार असं वाचलं. मी छापखान्यात अक्षरं जुळवायचो हे तुला माहीत आहे. त्याआधी मी दुसऱ्या एका छापखान्यात होतो, हे तुला माहीत नाही, कारण मी ते कोणाला सांगत नाही. तिथे तासाला एकवीस ओळी जुळवायचा रिवाज होता. एकाने मला झोप उडवायच्या गोळ्या दिल्या. त्या घेऊन मी एकतीस जुळवल्या. गरज नव्हती, नुसती ऐट. मालकांनी एकतीस हा आकडा भिंतीवर लावला. पुढे माझं पोट बिघडलं, मी गोळ्या सोडल्या आणि मलाही एकतीस झेपेनात. पण भिंतीवरचा आकडा गोळ्या सोडत नाही.

माझ्याशेजारी एक वयस्कर जुळारी बसायचे. त्यांचे हात कापायचे, पण चूक कधी नसायची. दोन महिन्यांत त्यांना घरी बसवलं. मला स्वतःचाच राग आला आणि त्या रागाच्या भरात मीही नोकरी सोडली. तेव्हा तो मला मोठा बाणेदारपणा वाटला होता. आकडा तिथेच राहिला. माझ्या मागे तिथे चौदा माणसं होती. तो आकडा माझ्या हातून चढला होता, तो उतरवू शकेल असा एकच माणूस होता, आणि तो निघून गेलेला.

तुझा राग माझ्याकडून आलेला आहे. त्याबद्दल तुला आजवर बोल लावला, ते चुकलं. कॉलेज सोडलंस ते सोडलंस. हे सोडू नकोस. पडताळणी तुझी आहे, घड्याळ तुझ्याशेजारी असणार आहे. तिथे काय करायचं ते मला सांगता येणार नाही, कारण मी ते केलेलं नाही.

तब्येतीला जप. पट्टी काढलीस का ते कळव.

तुझे,
बाबा

*

दि. २० एप्रिल

तीर्थरूप बाबांस,
शि. सा. नमस्कार. हा प्रत्यक्ष वाकून घालायचा राहिला आहे, तो आल्यावर.

तुमच्या पत्राला इतके दिवस उत्तर दिलं नाही, कारण काहीतरी केल्याशिवाय तुम्हाला लिहायची लाज वाटत होती. पट्टी तुमचं पत्र आलं त्या दिवशीच काढली. पहिले चार दिवस फार वाईट गेले. डोकं पुन्हा सात गोष्टींवर भांडायला लागलं. मी कधी साडेतीनशे करायचो, कधी तीनशे. साहेब येऊन विचारायचे की काय रे, बरं नाही का. मी म्हणायचो की पडताळणीसाठी ताकद राखून ठेवतोय. त्यांना ते पटायचं.

सोमवारी मी तोंड उघडलं नाही. ताईला सांगा. जीभ दातांत धरून होतो, अक्षरशः, दुपारी आरशात वळ दिसत होता.

काय करावं ते काही सुचत नव्हतं. मुद्दाम हळू करावं तर ती लबाडी, आणि साहेबांना माझा वेग ठाऊक. मग ताईने सांगितल्याप्रमाणे मी कागद वाचायला लागलो. सगळेच. पट्टीचा, नोकरीचा, जिन्यातल्या आगीच्या सूचनेचा. आणि आमच्या प्रत्येकाच्या दिव्यावर एक कार्ड चिकटवलेलं आहे, इतकं जुनं की त्यावर कोणी नजरही टाकत नाही, तेही. कुपी कशी तपासावी. काळ्यापुढे पाच सेकंद. पांढऱ्यापुढे पाच सेकंद. खाली साहेबांचीच सही. बाबा, चारशे करणारी माणसंसुद्धा एवढा वेळ देत नव्हती. आणि मी सहाशे चाळीस करताना कुपीला सगळी मिळून तीन-चार सेकंदं दिली होती. मी ते काम नव्हतोच करत, दुसरंच काहीतरी करत होतो.

तीन एप्रिलला साहेब खुर्ची ओढून बसले. त्यांच्या फॉर्मची पहिली ओळच अशी होती: काम कार्डाप्रमाणे झाले का, होय किंवा नाही. बाहेरचे औषध तपासनीस येऊन तो फॉर्म बघतात, त्यामुळे तिथे नाही लिहायची सोय नाही. मी पहिली कुपी उचलली आणि मनात मोजायला लागलो. एक ते पाच, काळ्यापुढे. एक ते पाच, पांढऱ्यापुढे. दहाव्या कुपीला साहेब खाकरले. तिसाव्या कुपीला म्हणाले की नेहमीसारखं कर. मी शक्य तेवढ्या नम्रपणे विचारलं की कार्डाप्रमाणे करू की नेहमीसारखं, तुम्ही फॉर्मवर जे लिहिणार असाल तसं करतो. माझा आवाज चढला नाही. कसा चढला नाही ते माझं मलाच कळत नाही. त्यांनी कार्डाकडे बघितलं. आपली सही बघितली. मग फॉर्मच्या पहिल्या ओळीत होय लिहिलं.

आठ तास मी मोजत होतो. राग यायचा, मोजायचो. चार नंबर शेजारी बसलेली, तिच्याकडे मान वळवायची नाही, मोजायचो. दुपारी दोन नंबरच्या काकांनी आपलं घड्याळ काढून दिव्याजवळ ठेवलं आणि तेही कार्डाप्रमाणे करायला लागले, पट्टी डोक्याला तशीच. संध्याकाळपर्यंत सात टेबलं. कोणी कोणाला काही सांगितलं नव्हतं.

तासाला दोनशे एकाहत्तर आले. साहेबांनी नाक राखायला दोनशे ऐंशी लिहिले. सहाशे त्यांनी स्वतः पुसलं, ओल्या फडक्याने, जोर लावून. चार नंबरची जागा पक्की राहिली. ज्याला पट्टी हवी त्याने लावावी, नको त्याने नाही, आता कोणी विचारत नाही.

मला दुसऱ्या दिवशी खाली पॅकिंगला पाठवलं. साहेब म्हणाले की तुझ्यासारख्या शिस्तीच्या माणसाची खोक्यांना गरज आहे. गटप्रमुखाचं पद वरच्या वर विरलं. खोक्यात दहा-दहा कुप्या भरायच्या, माहितीचा कागद घालायचा, झाकण लावायचं. धूळ आहे, आवाज आहे, आणि खुर्ची नाही. पहिल्या दिवशी मला तो कागद साहेबांच्या तोंडावर फेकावासा वाटला. फेकला नाही. सोळा दिवस झाले, मी अजून इथेच आहे. बाबा, तुम्हाला ठाऊक आहे, हा माझा विक्रम आहे.

आणि एक गोष्ट, ताईला सांगा पण चेष्टा करू देऊ नका. पडताळणीपासून वर सगळं कार्डाप्रमाणे चालतं, म्हणजे शेवटच्या ओळीसकट. शेवटची ओळ अशी, की दर अर्ध्या तासाने पाच मिनिटं काम थांबवून डोळ्यांना आराम द्यावा, लांबची वस्तू बघावी. वरच्या मजल्याला कठडा आहे, तिथून आमचं पॅकिंग दिसतं. बाकीचे खिडकीतून बाहेर बघतात. चार नंबर कठड्याला टेकून पाच मिनिटं खाली बघते. काल मी जिन्यात तिला विचारलं की एवढं काय बघतेस. ती म्हणाली की नियम आहे, लांबची वस्तू. मग म्हणाली की रविवारी जवळून बघायला हरकत नाही.

दिवसाला चौदा वेळा बघते, बाबा. मी मोजलंय.

तुमचा लोभ लिहून मिळाला, तो मी जपून ठेवला आहे. आता न लिहिता मिळाला तरी मला कळेल.

तुमचा,
तडतड्या